नदीकाठचा मॅजिस्ट्रेट

सरकारी खुर्चीत बसून लिहिणाऱ्या माणसांविषयी मला फार पूर्वीपासून कुतूहल आहे. बँकेच्या नोकरीत दिवसभर हिशेब जुळवून मी स्वतः कादंबऱ्या लिहिल्या, म्हणून असेल. अशा माणसांच्या माझ्या यादीत रॉडरिक हेग-ब्राऊन बराच वर आहे. कॅनडाच्या पश्चिम टोकाला, व्हँकुव्हर बेटावरच्या कॅम्पबेल रिव्हर या गावात तो सुमारे तीन दशके मॅजिस्ट्रेट होता. कायद्याची पदवी त्याच्यापाशी नव्हती. कोर्टाचे काम आटोपले की तो कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवून घरालगतच्या नदीत उतरे. मासेमारीवर इंग्रजीत पुस्तके ढीगभर आहेत. पण ज्याला गळाचा गंधही नाही अशा माणसानेही वाचावीत अशी फार थोडी. त्यांतली काही याची आहेत.

जन्म १९०८ चा, इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातला. आजोबा चार्टरहाउस या नामांकित शाळेचे हेडमास्तर. वडील पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, मारले गेले. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. पुढे तो आईच्या माहेरी, डॉर्सेटमध्ये वाढला आणि तिथल्या नद्यांवर मासे धरायला शिकला. ज्या शाळेचे आजोबा हेडमास्तर, त्याच शाळेने नातवाला बेशिस्तीपायी काढून टाकले. घरात काय वातावरण झाले असेल, हे मास्तरांच्या घरात वाढलेल्यांना सांगायला नको! साम्राज्याच्या सनदी नोकरीला वय कमी पडत होते, म्हणून १९२६ मध्ये त्याची रवानगी अमेरिकेत, सिअ‍ॅटलला झाली. तिथून तो लाकूडतोड्यांच्या छावण्यांत शिरला आणि लवकरच सरहद्द ओलांडून ब्रिटिश कोलंबियात गेला. लाकूड तोडले, फासे लावून जनावरे धरली, हौशी शिकाऱ्यांना वाट दाखवली. मधे इंग्लंडला परतून त्याने एका सामन माशाचे चरित्र लिहिले. ‘सिल्व्हर’ हे त्याचे पहिले पुस्तक १९३१ साली निघाले आणि तो पुन्हा त्या बेटावर आला, तो कायमचा.

१९३४ मध्ये त्याने सिअ‍ॅटलच्या ॲन एल्मोरशी लग्न केले. कॅम्पबेल नदीच्या काठी घर, थोडी शेती, चार मुले. लेखकाच्या बायकांवर आपण दोन ओळी लिहून पुढे जातो, पण ॲन साधी बाई नव्हती. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बायकांना ती घरात ठेवून घेई. त्या गावातल्या महिला निवाऱ्याला पुढे तिचेच नाव दिले गेले. एकाच घरातला एक माणूस कोर्टात निवाडा देतो आणि दुसरे माणूस दार उघडून आत घेते, हे चित्र मला कुठल्याही कादंबरीपेक्षा जास्त आवडते.

आता त्याच्या छंदाविषयी. आपला नेहमीचा गळ शिशाच्या वजनाने लांब जातो आणि दोरी मागून ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये सगळे उलटे. गळावर पिसे आणि केस बांधून बनवलेली खोटी माशी असते. तिला वजन जवळजवळ नसते. वजन दोरीत असते. लवचिक काठीने ती दोरी डोक्यावरून मागे-पुढे झुलवायची आणि माशी अलगद पाण्यावर टेकवायची. मासा धरायला माशी! काश्मीरला जाऊन आलेल्यांनी ताटातली ट्राउट पाहिली असेल. स्टीलहेड हा त्यातल्याच रेनबो ट्राउटचा समुद्राकडे जाणारा भाऊबंद. डोंगरातल्या नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला माघारी येतो. तिथले सामन मासे अंडी घातली की मरतात. स्टीलहेडमधले काही मात्र जगतात आणि पुन्हा समुद्र गाठतात. उन्हाळ्यात येणाऱ्या स्टीलहेडसाठी हेग-ब्राऊनने तपकिरी-पिवळ्या पट्ट्यांची, मधमाशीसारखी तरंगती माशी बांधली. ती आजही बांधली जाते. १९४६ मध्ये त्याचे ‘अ रिव्हर नेव्हर स्लीप्स’ आले. वर्षाचे बारा महिने आणि नदी, एवढाच त्याचा विषय. जानेवारीतल्या गारठ्यात कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला मासा मिळतो की नाही, याची वाचणाऱ्याला पुढे पुढे पर्वाच उरत नाही.

पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, त्याच नदीवरच्या जॉन हार्ट धरणातून वीज वाहू लागली. विजेची भूक वाढली तशी नजर वरच्या बटल सरोवराकडे गेली. हे सरोवर स्ट्रॅथकोना उद्यानात आहे, आणि ते उद्यान १९११ मध्ये लोकांसाठी राखून ठेवलेले. एकदा राखून दिलेली जागा सोयीनुसार परत घेता येते का, असा त्याचा वाद होता. १९५० नंतरची काही वर्षे तो सुनावण्यांत बोलला, लिहीत राहिला. ज्या प्रांताने नेमलेला मॅजिस्ट्रेट, त्याच प्रांताच्या धोरणाविरुद्ध! पगाराच्या माणसाला याचा अर्थ कळेल.

इथे मला माझी बाजूही सांगितली पाहिजे. ऐंशीच्या दशकात ग्रामीण शाखेत असताना मी विहिरींवरच्या विजेच्या पंपांची कितीतरी कर्जे मंजूर केली. पंप सुरू झाल्यावर शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर उमटलेला आनंद खोटा नव्हता. ती वीजही कुठली तरी दरी बुडवूनच आली असणार. त्यामुळे वीज मागणाऱ्यांना मी दुष्ट म्हणणार नाही. पण वाहत्या पाण्याच्या बाजूने कोणी वकीलपत्र घेतले नाही तर सुनावणी एकतर्फी होते, एवढे मला या माणसामुळे उमगले.

तो हरला. १९५८ मध्ये स्ट्रॅथकोना धरण पुरे झाले, बटल सरोवराचे पाणी चढले आणि जुना काठ बुडाला. मला खरे महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. कडवट होऊन, घर विकून तो निघून गेला नाही. धरणाखाली उरलेल्या थोडक्या नदीच्या काठीच राहिला. पन्नाशी उलटल्यावर रबरी पोशाख आणि मुखवटा चढवून तो पाण्यात बुडी मारू लागला. तोवर वरून पाहिलेले मासे त्याने पाण्याखाली, त्यांच्या घरात जाऊन पाहिले, आणि १९६४ च्या पुस्तकात ते लिहिले. फ्रेझर नदीवरच्या प्रस्तावित मोरान धरणालाही त्याने विरोध केला. ते धरण कधीच झाले नाही. १९७० मध्ये कॅनडा-अमेरिकेच्या सामन आयोगावर त्याची नेमणूक झाली. त्याच वर्षी, विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेला हा माणूस व्हिक्टोरिया विद्यापीठाचा कुलपती झाला आणि तीन वर्षे त्या पदावर राहिला.

ऑक्टोबर १९७६ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, तो गेला. ऑक्टोबर हा तिथे सामन मासे नदीत चढण्याचा महिना. त्याचे ते नदीकाठचे घर जपून ठेवले आहे.