ताराबाई शिंदे
बुलढाण्याच्या बापूजी हरी शिंदे यांनी आपल्या कन्येस मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेस अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती सौम्यही झाली. परंतु 'पुणेवैभव'सारख्या पत्रांतून समस्त स्त्रीजातीस सदाचार समजावून सांगणे पुरुषांनी थांबविले नाही. स्त्रीला काय कळते, हे गृहीतच होते. ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून एकेक दुर्गुण उपदेशकांच्याच पदरी टाकला. टीकाकारांत सत्यशोधक कृष्णराव भालेकरही होते, हे विशेष! जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांचा कैवार घेतला. ताराबाईंचे दुसरे पुस्तक झाले नाही. पहिलेही १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुनर्मुद्रित करीपर्यंत विस्मृतीतच राहिले.