पाखरांची कैवारी

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात ॲलेगेनी नदीच्या काठी स्प्रिंगडेल नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे २७ मे १९०७ रोजी रेचेल कार्सन हिचा जन्म झाला. घरची स्थिती बेताचीच होती. पण आईला निसर्गाचे वेड होते. ती मुलीला रानात नेई, पाखरांचे आवाज ओळखायला शिकवी. रेचेलला लिहिण्याचीही आवड होती. ती अकरा वर्षांची असताना तिची गोष्ट मुलांच्या एका मासिकात छापून आली. समुद्र मात्र तिने फक्त पुस्तकांतूनच पाहिला होता.

लेखिका व्हावे या इच्छेने ती महाविद्यालयात गेली. तेथे तिला जीवशास्त्राची गोडी लागली आणि तिने तोच विषय घेतला. १९२९ साली ती वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत गेली, तेव्हा वयाच्या बाविसाव्या वर्षी तिला प्रथम समुद्राचे दर्शन घडले. ती ओढ पुढे जन्मभर सुटली नाही.

१९३५ साली वडील वारले. पुढच्याच वर्षी रेचेलबाईंनी सरकारच्या मत्स्यविभागात नोकरी धरली. १९३७ साली थोरली बहीणही गेली आणि तिच्या दोन मुलींचा भार त्यांच्यावर आला. दिवसा कचेरीचे काम आणि रात्री लेखन, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

सवड मिळाली की त्या समुद्रकाठी जात. १९३८ साली उत्तर कॅरोलिना राज्यातील बोफर्ट येथे राहून त्यांनी किनाऱ्यावरचे पक्षी न्याहाळले. त्यांत सँडरलिंग नावाचा चिमुकला पक्षी त्यांच्या विशेष आवडीचा होता. लाट मागे सरली की हे पक्षी तिच्या पाठोपाठ धावतात, ओल्या वाळूत चोच खुपसून बारीक जीव टिपतात आणि पुढची लाट येताच तुरुतुरु माघारी पळतात. त्यांच्या पायाला मागचे बोट नसते. अशा या इवल्या पाखराची वीण उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात होते आणि थंडीत ते हजारो मैल दक्षिणेला जाते. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरही हे पाहुणे हिवाळ्यात उतरतात. या पाखरांच्या प्रवासाची कथा रेचेलबाईंनी आपल्या पहिल्या पुस्तकात सांगितली. ते १९४१ साली प्रसिद्ध झाले. पण महिन्याभरातच अमेरिका महायुद्धात उतरली आणि पुस्तकाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. बाईंनी आपले काम सोडले नाही.

एवढ्या लांबच्या वाटेवर पाखरांना विसाव्याची ठिकाणे लागतात. तेथे पोटभर खाऊन ती पुढच्या उड्डाणासाठी बळ साठवतात. पण माणसांनी खाजणे बुजवली, किनाऱ्यावर घरे बांधली, आणि विसाव्याच्या जागा कमी होत गेल्या. म्हणून सरकारने किनाऱ्यावर अभयारण्ये राखली. मॅसॅच्युसेट्स राज्यातील प्लम बेटावर पार्कर रिव्हर अभयारण्य झाले. आपली शिकार बंद होईल, शिंपले काढता येणार नाहीत, या भीतीने आसपासच्या पुष्कळ लोकांनी त्याला विरोध केला. १९४६ साली रेचेलबाई तेथे गेल्या. खाजण, वाळूच्या टेकड्या आणि पाखरांचे थवे त्यांनी डोळे भरून पाहिले आणि अभयारण्य का हवे, हे सांगणारी पुस्तिका सोप्या भाषेत लिहिली. लोकांना दोष देण्यापेक्षा समजावून सांगणे त्यांना अधिक आवडे.

१९५१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सागरविषयक पुस्तकाने त्यांना मोठी कीर्ती मिळवून दिली. पुढच्या वर्षी नोकरी सोडून त्या केवळ लेखन करू लागल्या.

१९५८ साली त्यांना एका मैत्रिणीचे पत्र आले. डास मारण्यासाठी विमानातून डी.डी.टी. फवारल्यामुळे तिच्या अंगणातील पाखरे तडफडून मेली होती. रेचेलबाईंनी चार वर्षे पुरावे गोळा केले. फवारलेले विष किड्यांत आणि गांडुळांत उतरते, ती पाखरे खातात, आणि विष पाखरांच्या देहात साठत जाते, हे त्यांनी दाखवून दिले. १९६२ साली त्यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक निघाले. कीटकनाशके मुळीच वापरू नयेत, असे त्यांचे म्हणणे नव्हते. परिणामांचा विचार न करता ती वापरू नयेत, एवढेच त्या सांगत होत्या. रसायनांच्या कारखानदारांनी त्यांची निंदा केली. त्याच वेळी कर्करोगाने त्यांचे शरीर पोखरले होते. त्यांनी त्याची वाच्यता केली नाही. १९६३ साली राष्ट्राध्यक्षांच्या शास्त्रज्ञ-समितीने त्यांच्या म्हणण्याला दुजोरा दिला. त्याच वर्षी अमेरिकेच्या वरिष्ठ सभागृहाच्या समितीपुढेही त्यांनी शांतपणे साक्ष दिली.

१४ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. १९७२ साली अमेरिकेत शेतीसाठी डी.डी.टी. वापरण्यास बंदी झाली. मेन राज्याच्या किनाऱ्यावरील एका अभयारण्याला १९६९ साली त्यांचे नाव देण्यात आले. तेथील खाजणांत आजही दूरदेशीची पाखरे विसाव्यासाठी उतरतात. ज्या बाई पाखरे दचकू नयेत म्हणून तासन् तास गप्प बसत, त्यांनीच पाखरांवर संकट येताच निर्भयपणे आवाज उठवला. हेच त्यांचे खरे मोठेपण होय.