अणुभट्टी ते सोयाबीनचं शेत : होमी भाभांना बघायला न मिळालेलं पीक

होमी भाभा म्हटलं की अणुभट्टी आठवते. पण वर्धा जिल्ह्यात कपाशीच्या शेजारी डोलणाऱ्या सोयाबीनशीही या माणसाचं नातं आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या पारशी घरातला. पोरानं इंजिनिअर व्हावं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावं, ही घरच्यांची इच्छा. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले, इंजिनिअरिंग पूर्ण केलं आणि मग भौतिकशास्त्राकडे वळले. १९३९ मध्ये सुट्टीवर भारतात आले, तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं. त्यानंतर ते इथलेच झाले.

१९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली, तर १९५४ मध्ये ट्रॉम्बेचं अणुऊर्जा केंद्र. ४ ऑगस्ट १९५६ ला तिथं अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. भाभांना चित्रांचं आणि झाडांचं भारी वेड. ट्रॉम्बेतही फक्त भौतिकशास्त्र नव्हतं, पिकांवर काम करणारी माणसंही होती. १९५० च्या दशकाच्या शेवटी तिथं भुईमुगाच्या बियाण्यावर क्ष-किरण सोडले गेले.

आता प्रश्न पडतो, किरणांनी बी जळत नाही का?

सगळा खेळ मात्रेचा आहे. किरण पेशीतल्या डीएनएमध्ये बदल घडवतात. मात्रा जास्त झाली तर बी उगवतच नाही. उगवलं तरी रोप खुजं राहतं, शेंगा धरत नाहीत. मात्रा बेताची असेल तर हजारो रोपांतून एखाद्यात कामाचा बदल सापडतो. दाणा टपोरा होतो, पीक लवकर येतं किंवा रोगाला दाद देत नाही. पहिल्या पिढीत दिसणारी इजा बहुतेक त्या झाडापुरतीच असते. म्हणून निवड दुसऱ्या पिढीपासून सुरू होते आणि वाण पक्का व्हायला वर्षं जातात.

असं बियाणं किरणोत्सारी होतं, ही भीती मात्र खोटी. एक्स-रे काढल्यावर माणूस किरणोत्सारी होत नाही, तसंच हे. शिवाय यात बाहेरचं जनुक घातलेलं नसतं.

त्या भुईमुगातून टपोऱ्या दाण्यांचा टीजी-१ हा वाण १९७३ मध्ये आला. भाभा तेव्हा नव्हते. २४ जानेवारी १९६६ ला त्यांचं विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं होतं. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचं नाव मिळालं.

काम थांबलं नाही. वर्धा जिल्हा ज्याच्या कार्यक्षेत्रात येतो, त्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाशी ट्रॉम्बेची जोडी जमली. १९९१ मध्ये बुटका, लवकर येणारा टीएजी-२४ भुईमूग आला. यातला टी ट्रॉम्बेचा, ए अकोल्याचा. २००५ मध्ये गॅमा किरणांतून निघालेलं टीएएमएस-३८ हे सोयाबीन विदर्भासाठी आलं.

विदर्भात पाऊस लवकर पाठ फिरवतो तेव्हा लवकर येणारं पीक हाती लागतं, उशिराचं वाळून जातं. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी या दहा-पंधरा दिवसांवर अख्खा हंगाम ठरतो.