औषधांची परीक्षा घेणारे डॉक्टर : सर रामनाथ चोप्रा

फार्मसीचा डिप्लोमा करणाऱ्या प्रत्येकाला कायद्याच्या पेपरात चोप्रा समिती भेटते. वर्ष पाठ करायचे, शिफारशी पाठ करायच्या आणि मार्क मिळवायचे. ज्यांचे नाव त्या समितीला मिळाले, ते चोप्रा कोण हे सहसा कोणी सांगत नाही. घरोघरी अडुळशाचा काढा आणि दुकानातली गोळी या दोन्ही गोष्टी वापरणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांनी तरी हा माणूस ओळखायला हवा.

रामनाथ चोप्रा यांचा जन्म १८८२ साली पंजाबात गुजराँवाला येथे झाला. शिक्षण लाहोरला आणि पुढे केंब्रिजला. तेथे वॉल्टर डिक्सन यांच्या हाताखाली त्यांना औषधशास्त्राची गोडी लागली. १९०८ साली ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आले. पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून पूर्व आफ्रिकेत होते. त्यांचे खरे काम सुरू झाले ते १९२१ साली, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये औषधशास्त्राचे प्राध्यापक झाल्यावर.

त्या काळी औषधांच्या बाबतीत दोन तट होते. एक म्हणे, आपल्या पूर्वजांनी सांगितलेली प्रत्येक वनस्पती रामबाण. दुसरा म्हणे, पाला आणि साली सगळे थोतांड, औषध म्हणजे विलायतेहून आलेली बाटली. (हे दोन्ही तट अजून मोडलेले नाहीत, हे आमच्या खिडकीवर रोज दिसते.) चोप्रा कोणत्याच तटात गेले नाहीत. त्यांनी दोघांनाही एकच प्रश्न विचारला, याचा गुण येतो हे दाखवा.

पद्धत किचकट होती. आधी वनस्पती नेमकी कोणती ते ठरवायचे, कारण एकाच नावाने दोन बाजारांत दोन वेगळ्या मुळ्या विकल्या जात. मग रसायनज्ञाने अर्क काढून त्यातले गुणकारी द्रव्य वेगळे करायचे. ते प्राण्याला देऊन त्याचा रक्तदाब, श्वास, आतड्याची हालचाल काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रेघेने उमटवून घ्यायची. शेवटी शेजारच्या कारमायकेल हॉस्पिटलमधल्या रुग्णांवर, जपून, मात्रा मोजून उपचार.

निकाल काय लागले? अडुळशातल्या द्रव्याने श्वासनलिका थोड्या सैल होतात असे दिसले, पण परिणाम सौम्य. आपल्याकडे जुलाबावर कुड्याचे पाळ उगाळून देत, त्या कुड्यातली द्रव्ये आमांशावर खरोखर उपयोगी ठरली. हृदयासाठी नावाजलेल्या अर्जुनाच्या सालीत मात्र त्यांना त्या कीर्तीला साजेसे काही सापडले नाही. अर्जुनावर पुढे इतरांनी केलेल्या अभ्यासांत अनुकूल निष्कर्षही निघाले, आणि तो वाद चालू आहे. पण गणपतीला वाहायच्या पत्रीतला अर्जुनसुद्धा त्यांनी परीक्षेतून वगळला नाही, हे मला मोठे वाटते.

याच सुमारास मुंबईला हाफकिन संस्थेत डॉ. म्हसकर आणि फादर कायस यांनी सर्पदंशावरच्या तीनशेहून अधिक वनस्पती तपासल्या. एकही विषावर चालली नाही. असे कोरडे उत्तरही जीव वाचवते, कारण मुळी उगाळण्यात जाणारा वेळ वाचतो.

उलट उदाहरण सर्पगंधेचे. चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ साली तिच्यातल्या द्रव्याचा परिणाम तपासून प्रसिद्ध केला. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि ही मुळी जगभर गेली. पुढे तिच्यातल्या रिसर्पिनने काही रुग्णांना खिन्नता येते हेही कळले. वनस्पती आहे म्हणजे अपाय नाही, हा समज तिने खोटा पाडला.

आता ती समिती. त्या काळी बाजारात कमी ताकदीचे आणि भेसळीचे क्विनाइन येत होते. हिवतापाने फणफणलेल्या माणसाला गोळी दिली, पण गोळीत औषधच पुरेसे नाही, तर दोष कोणाला द्यायचा? १९३० साली सरकारने चोप्रांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. तिने देशभर फिरून पुढच्याच वर्षी अहवाल दिला. औषधांवर कायदा हवा, तपासणीच्या प्रयोगशाळा हव्यात, औषध देणारा शिकलेला आणि नोंदणी केलेला हवा, असे तिने सांगितले. सरकारी चालीने १९३७ साली कलकत्त्याला प्रयोगशाळा निघाली, तिचे प्रमुखही चोप्राच. १९४० साली औषध कायदा झाला, १९४८ साली फार्मसी कायदा. आज आमच्या भांडारातून औषध निरीक्षक नमुना नेतात आणि अहवाल प्रतिकूल आला की ती बॅच वाटपातून तातडीने काढावी लागते. त्या कागदाचे मूळ या अहवालात आहे. भिंतीवर टांगलेल्या आमच्या नोंदणी प्रमाणपत्राचेही.

१९३३ सालचा त्यांचा भारतातील देशी औषधांवरील ग्रंथ अभ्यासक अजून चाळतात. १९४६ साली देशी वैद्यकाचा विचार करायला आणखी एक समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षही तेच. आयुर्वेद, युनानी आणि आधुनिक वैद्यक यांचा मेळ घालावा, असे तिने सुचवले. वैद्यांना त्यात आपले वेगळेपण जाईल अशी भीती वाटली, डॉक्टरांना आपला दर्जा. तो मेळ पुरता कधीच बसला नाही.

कलकत्त्याहून निवृत्त झाल्यावर चोप्रा काश्मीरला गेले आणि जम्मू-काश्मीर संस्थानात औषध संशोधनाची प्रयोगशाळा उभी केली. वयाच्या सत्तरीनंतर, १९५६ साली, भारतीय औषधी वनस्पतींचा कोश सहकाऱ्यांसह पुरा केला. १९७३ साली, नव्वदी गाठून, ते वारले. जम्मूची ती प्रयोगशाळा १९५७ सालीच केंद्राच्या वैज्ञानिक परिषदेकडे गेली होती. वनस्पतींचे अर्क तपासण्याचे काम तेथे आजही चालते.