गाडीचं ऑइल स्वतः बदलता? मग लक्ष्मणराव किर्लोस्कर माहीत हवेत

बीडकडे विहिरीवरच्या डिझेल इंजिनचं ऑइल बदलायला कुणी शोरूम शोधत नाही. पाना घ्यायचा, खालचा बोल्ट काढायचा, काळं ऑइल सोडून नवं भरायचं. अशा कितीतरी इंजिनांवर 'किर्लोस्कर' नाव दिसतं. त्या लक्ष्मणरावांची सुरुवातही हात काळे करूनच झाली.

जन्म 1869, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळलं आणि स्वप्न मोडलं. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकले, व्हीजेटीआयमध्ये शिकवलंही. तेव्हा सायकल म्हणजे आजची स्पोर्ट्स कारच! 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान निघालं, विक्री आणि दुरुस्ती दोन्ही.

पुढे कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते म्हणत शेतकरी तो घेईनात, तरी लक्ष्मणराव मागे हटले नाहीत. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. 1946 मध्ये पुण्यात ऑइल इंजिनची कंपनी उभी राहिली. 1956 मध्ये ते गेले.

तुम्हीही पाना हातात घ्या. फक्त ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये बघा आणि जुनं ऑइल नाल्यात ओतू नका.