नानांची मैत्री आणि परक्यांची पलटण

राजकारणात वावरणाऱ्या माणसाला बदनाम करण्याचा एक जुना आणि सोपा मार्ग आहे. त्याचे परकीयांशी संबंध होते, एवढे म्हणावे आणि स्वस्थ बसावे. ते संबंध कोणते, ते कशासाठी ठेवले, त्यांतून राज्याच्या पदरात काय पडले, हे विचारण्याची तसदी मग कोणी घेत नाही. याच्या उलट, बलाढ्य सत्तेशी लष्करी करार केला की राज्य निर्धास्त झाले, असे मानणारा वर्गही प्रत्येक पिढीत असतो. या दोन्ही समजुती घासूनपुसून पाहावयाच्या असतील, तर नाना फडणवीस यांच्या चरित्रासारखी कसोटी महाराष्ट्राच्या इतिहासात दुसरी सापडणे कठीण. सन १८०० मध्ये आजच्याच तारखेस, १३ मार्च रोजी, नाना पुण्यात वारले. त्या निमित्ताने या एका बाजूने त्यांच्या आयुष्याकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

पनवेलकरांना हे चरित्र दूरचे नाही. रघुनाथरावांना गादीवर बसविण्यासाठी निघालेली इंग्रजांची फौज मुंबईहून गलबतांनी आली आणि १७७८ च्या नोव्हेंबरात पनवेलास उतरली. पुढे १७८१ च्या एप्रिलात बोरघाटाच्या पायथ्याहून मार खात परतलेली दुसरी फौज, तीही पनवेलासच येऊन थांबली. या दोन्ही वेळी घाटमाथ्यावरून सूत्रे हलविणारा पुरुष एकच होता. त्याने आयुष्यात तलवारीचे नाव मिळविले नाही. म्हणूनच पेशवाईतील साडेतीन शहाण्यांत त्याची गणना अर्ध्या शहाण्याची. आम्ही शाळेत इतिहास शिकवीत असू, तेव्हा हा अर्धा हिशेब मुलांना फार खटके. लढता येत नाही म्हणून शहाणपण अर्धे कसे, असे एखादा चुणचुणीत मुलगा हटकून विचारी. त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आम्हांस तेव्हा देता आले नाही. आज असे वाटते की ते उत्तर नानांच्या परराष्ट्रीय धोरणातच आहे.

बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १७४२ च्या फेब्रुवारीत साताऱ्यास झाला. घराणे मूळचे कोकणातील वेळासचे. आजोबा बाळाजी महादेव हे बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीस गेले होते आणि १७१९ मध्ये तेथेच मारले गेले. नातू पानिपतावर गेला, तेव्हा त्याला एकोणिसावे वर्ष चालू होते. तो जीव घेऊन परतला, पण बरोबर गेलेली आई त्या पळापळीत कायमची अंतरली. त्या मोहिमेत भाऊसाहेबांच्या पाठीशी उत्तरेत खरा दोस्त असा कोणी उरला नव्हता. सुरजमल जाट निघून गेला होता आणि शुजाउद्दौला अबदालीस मिळाला होता. मित्रावाचून केलेली लढाई कोठे नेऊन पोहोचवते, हा धडा नानांनी त्या वयात प्रत्यक्ष पाहिला. पुढील चाळीस वर्षे हा माणूस सतत दोस्त जोडीत राहिला, याचे मूळ पानिपतात आहे असा आमचा तर्क आहे.

१७७३ च्या ऑगस्टमध्ये नारायणरावांचा खून झाला आणि बारभाईंचे कारस्थान उभे राहिले. १७७४ च्या एप्रिलात पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. त्या तान्ह्या पेशव्याच्या नावाने कारभार चालविताना नानांपुढे पहिला प्रश्न आला तो परकीय फौजेचाच. १७७५ च्या मार्चमध्ये रघुनाथरावांनी सुरतेस मुंबईकर इंग्रजांशी तह केला. इंग्रजांनी सुमारे अडीच हजारांची फौज द्यावी, तिचा दरमहाचा खर्च रघुनाथरावांनी सोसावा आणि मोबदला म्हणून साष्टी व वसई तोडून द्यावी, असा तो सौदा होता. पैकी वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किती रक्त सांडून घेतली होती, हे कोकणच्या वाचकांस सांगावयास नको. घरच्या भांडणात वरचष्मा मिळावा म्हणून त्याच भावाच्या पुतण्याने ती कागदावर देऊन टाकली. परक्याची फौज भाड्याने आणली की किंमत रुपयांत सुरू होते आणि मुलुखात संपते, हे सूत्र नानांनी या एका तहावरून ओळखले.

येथे नानांच्या टीकाकारांचा आवडता मुद्दा येतो. १७७७ मध्ये सेंट ल्यूबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ चौलास उतरला आणि फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून पुण्यास आला. नानांनी त्याचा सत्कार केला, त्याला ठेवून घेतले, चौल बंदराच्या सवलतीची बोलणी केली. गोरी पलटण आणि दारूगोळा आणून देण्याची त्याची भाषा ऐकून घेतली. मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा उठला. त्या वेळी अमेरिकेतील वसाहती इंग्लंडविरुद्ध बंड करून उठल्या होत्या आणि फ्रान्स त्यांच्या बाजूने युद्धात पडण्याच्या बेतात होता. फ्रेंचांना पश्चिम किनाऱ्यावर बंदर मिळाले तर काय होईल, या धास्तीने कलकत्ताही अस्वस्थ झाले. नानांनी पुरंदरचा तह मोडला, असा गिल्ला करून मुंबईकरांनी पुन्हा रघुनाथरावांना उचलून धरले.

मग नाना फ्रेंचांचे हस्तक होते काय? प्रत्यक्षात काय घडले ते पाहावे. एकही फ्रेंच पलटण घाट चढून पुण्यास आली नाही. चौल फ्रेंचांच्या हाती गेले नाही. १७७८ मध्ये सेंट ल्यूबिन आला तसा निरोप घेऊन गेला. या वकिलाचा अधिकार संशयास्पद होता, आणि नानांसारख्या चौकस माणसाला तो संशय आला नसेल, असे मानणे अवघड आहे. दिल्ली, हैदराबाद, श्रीरंगपट्टण येथील बातमी ज्याच्या फडावर रोज येऊन पडे, त्याने या पाहुण्याचा उपयोग शेतातल्या बुजगावण्यासारखा केला. तो उपयोग पूर्णपणे निर्धोक ठरला नाही, हेही खरे. बुजगावणे पाहून भ्यालेले इंग्रज पळाले नाहीत. उलट अंगावर आले. या डावाची ही किंमत नानांना मोजावी लागली.

पनवेलास उतरलेली ती सुमारे ३,९०० ची फौज बोरघाट चढून गेली, पण पुढे तिला रान मोकळे सापडले नाही. मराठ्यांनी दाणावैरण नाहीशी केली, तळेगाव जाळून ओसाड केले, वेळ पडल्यास पुणेही जाळण्याची सिद्धता ठेवली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. शत्रू असूनही त्याच्या शौर्यामुळे मराठ्यांनी इष्टुर फाकडा म्हणून त्याचे नाव राखले. तळेगावाहून रातोरात माघार घेताना इंग्रजांनी जड तोफा तळ्यात लोटल्या आणि १७७९ च्या जानेवारीत वडगावास शरणचिठ्ठी लिहून दिली. रणांगण महादजी शिंद्यांचे होते, मसलत नानांची होती. मुंबईकरांनी पुढे तो करार नाकारला आणि युद्ध चालूच राहिले.

यानंतर १७८० मध्ये नानांनी जे केले, ते अठराव्या शतकातील हिंदी राजकारणातले सर्वांत मोठे धाडस होय. ज्या हैदर अल्लीशी मराठे वर्षानुवर्षे लढले, त्याच्याशी त्यांनी हातमिळवणी केली. निजाम अल्ली आणि नागपूरकर भोसले यांनाही त्यांत ओढले. चौघांनी चार दिशांनी इंग्रजांवर उठावे, असा तो बेत होता. हैदराने कर्नाटकात शब्द पाळला. निजामाला इंग्रजांनी गुंटूर परत देऊन शांत केले आणि भोसल्यांच्या फौजेला पैसा चारला. चारांपैकी दोन खांब असे कलले, तरी उरलेल्या दोघांनी कंपनीला घाम फोडला. १७८१ मध्ये जनरल गॉडर्ड घाटमाथ्यापर्यंत आला आणि साडेचारशेहून अधिक माणसे मृत व जखमी होऊन पनवेलास परतला, तो या युद्धातच. या चौकडीची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रत्येक दोस्त आपापल्या मुलुखात, आपल्याच खर्चाने, आपल्याच सेनापतीच्या हुकमाने लढणार होता. कोणाची फौज कोणाच्या राजधानीत तळ देणार नव्हती.

१७८२ च्या मे महिन्यात महादजींच्या मध्यस्थीने सालबाईचा तह ठरला. नानांनी त्यावर शिक्कामोर्तब करण्यास डिसेंबरपर्यंत विलंब लावला. हैदर लढत असता एकट्याने तह पुरा करावा, हे त्यांना रुचत नव्हते. हैदराशी अधिक सौदा करावा हाही हेतू त्यांत असेल. डिसेंबरात हैदर वारला आणि तहावर शिक्का बसला. वसई परत आली, साष्टी मात्र गेली ती गेलीच. पोर्तुगीजांखेरीज इतर युरोपियनांना मराठी राज्यात वखारी घालू देऊ नयेत, हे कलमही नानांनी मान्य केले. ज्या फ्रेंचांच्या दोस्तीचा एवढा बोभाटा झाला, तो दरवाजा त्यांनी अशा रीतीने स्वतःच्या शिक्क्याने बंद केला.

हा माणूस इंग्रजद्वेष्टाही नव्हता. १७८६ पासून चार्ल्स मॅलेट पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता. १७९० च्या जूनमध्ये नानांनी इंग्रज व निजाम यांच्याशी टिपूविरुद्ध तह केला. त्या मोहिमेत कॅप्टन लिटलची इंग्रजी तुकडी परशुरामभाऊ पटवर्धनांबरोबर धारवाडच्या वेढ्यात लढली. मोहीम संपली, १७९२ मध्ये टिपूचे अर्धे राज्य तिघांनी वाटून घेतले, आणि लिटलची तुकडी परत गेली. ही शेवटची गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. नानांनी परक्या पलटणीची मदत घेतली, पण एका कामापुरती आणि एका मुदतीपुरती.

तथापि येथेच त्यांच्या धोरणातील मोठी चूकही आहे. टिपू दुबळा झाला, तसा दक्षिणेत इंग्रजांना शह देणारा एक बलवान हात कमी झाला. दहा वर्षांपूर्वी त्याच्या बापाला दोस्त करून जे साधले, ते नानांनी तुंगभद्रेपर्यंतच्या सरहद्दीसाठी स्वतःच गमावले. नजीकचा फायदा दूरच्या धोक्यावर मात करून गेला.

१७९५ मध्ये खर्ड्यावर निजामाचा पराभव झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले. त्यानंतरचे नाना पाहवत नाहीत. वारसाच्या कटकटीत ते महाडास जाऊन राहिले आणि खर्ड्यावर मिळविलेले निजामाला परत देण्याचे कबूल करून त्याचा पाठिंबा मिळवू लागले. घरच्या भांडणासाठी मुलूख देऊ करण्याचा जो दोष त्यांनी रघुनाथरावांत पाहिला, त्याची छाया त्यांच्यावरही पडली. १७९७ च्या ३१ डिसेंबरला दौलतराव शिंद्यांच्या चाकरीतील मायकेल फिलोज या इटालियन सरदाराने सुरक्षिततेचा शब्द दिला. त्या शब्दावर विसंबून नाना भेटीस गेले आणि कैद होऊन अहमदनगरच्या किल्ल्यात पडले. भाडोत्री माणसाची निष्ठा कोठवर टिकते, हे आयुष्यभर इतरांना सांगणाऱ्या मुत्सद्द्यावर ते असे गुदरले.

सुटून आल्यावर थकलेल्या नानांपुढे लॉर्ड वेलस्लीची तैनाती फौज आली. १७९८ च्या सप्टेंबरात निजामाने ती पत्करली होती. सहा पलटणी हैदराबादेस बसल्या, त्यांच्यासाठी वर्षाला २४ लाखांहून अधिक रुपये त्याने देऊ केले आणि १८०० मध्ये त्या रकमेपोटी म्हैसूरकडून मिळालेला मुलूखच इंग्रजांच्या स्वाधीन केला. हीच मैत्री पेशव्यांना वारंवार देऊ केली गेली. टिपू पडल्यावर म्हैसूरच्या मुलुखातील वाट्याचे आमिषही दाखविले गेले. नानांनी सभ्यपणे, पण अखेरपर्यंत नकार दिला. इंग्रजांशी तह हवा, व्यापार हवा, गरजेला संयुक्त मोहीमही हवी. पण पुण्यात कायम बसणारी, आपल्या पैशाने पोसलेली आणि दुसऱ्याचा हुकूम मानणारी फौज नको, ही त्यांची रेषा होती.

नानांनंतर पावणेतीन वर्षांत ती रेषा पुसली गेली. १८०२ च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावांनी वसईस तह केला. सहा हजारांचे पायदळ, २६ लाखांचा मुलूख आणि इंग्रजांना विचारल्यावाचून कोणाशी बोलणे न करण्याचे बंधन, हा त्याचा सारांश. बाप सुरतेस जे लिहून आला, ते मुलाने वसईस पुरे केले. १८१८ मध्ये राज्य गेले. या दोषाचा काही वाटा नानांकडेही जातो. सर्व सूत्रे त्यांनी एका मुठीत ठेवली आणि ती पेलणारा दुसरा हात तयार केला नाही. एका माणसाच्या नकारावर उभे असलेले धोरण त्या माणसाबरोबरच मरते.

नाना संत नव्हते. त्यांच्या खाजगी वर्तनावर व कठोर कारभारावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि रंगभूमीनेही त्यांना सोडलेले नाही. परंतु राजकीय पुरुषाच्या परकीय संबंधांचा निवाडा करताना तो कोणाबरोबर जेवला, कोणाचा वकील त्याने ठेवून घेतला, हे विचारून भागत नाही. आपल्या भूमीवर उभा असलेला शिपाई कोणाचा हुकूम मानतो आणि तो परत केव्हा जातो, हे विचारावे लागते. फ्रेंच वकिलाला पंगतीस बसविणारे नाना या प्रश्नास उतरतात. ज्यांच्यावर तसा संशय कोणी घेतला नाही, असे कित्येकजण उतरत नाहीत.

आज पनवेलहून घाट चढण्यास तासभरही लागत नाही. त्या चढावर गाडी वळणे घेऊ लागली म्हणजे आम्हांस ती आमची मुले आठवतात. त्यांना आता सांगता येईल. त्या वाटेने येणारी फौज दोनदा परत गेली ती महादजी, परशुरामभाऊ यांच्या तलवारीमुळे; हे पूर्ण शहाणपण एकट्या नानांचे नव्हते, म्हणून हिशेब अर्ध्याचा. पण तिसऱ्या वेळी तीच फौज निमंत्रण घेऊन आली, आणि तेव्हा नेमका तो अर्धा शहाणा पुण्यात नव्हता.