कॅथरीनच्या वह्या

ईस्टर आयलंडची ती दगडी डोकी तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेली असणारच. इमोजीच्या यादीतसुद्धा तसलाच एक चेहरा आहे. लांबट तोंड, खोल गेलेले डोळे, घट्ट मिटलेले ओठ. पण ती नुसती डोकी नाहीत. रानो राराकू नावाच्या विझलेल्या ज्वालामुखीच्या उतारावर मानेपर्यंत मातीत गेलेले ते अख्खे पुतळे आहेत. खाली धड आहे, हात आहेत, पोटाशी टेकवलेली लांबसडक बोटं आहेत. काहींच्या पाठीवर वर्तुळं आणि कंबरपट्ट्यासारखी नक्षीही कोरलेली आहे. १९१४ मध्ये त्यांच्याभोवतीची माती काढून हे सगळं मोजायला, काढायला, लिहून ठेवायला एक बाई तिथं पोचली होती. तिचं नाव कॅथरीन राउटलेज.

कॅथरीनचा जन्म १८६६ सालचा, इंग्लंडमधल्या डार्लिंग्टनचा. माहेरचं आडनाव पीस. घर क्वेकर पंथाचं आणि गडगंज. अशा घरातल्या मुलीनं लग्न करावं आणि गप्प बसावं, एवढीच अपेक्षा. ही ऑक्सफर्डला सॉमरव्हिलमध्ये इतिहास शिकायला गेली आणि १८९५ मध्ये चांगल्या श्रेणीत पासही झाली. डिग्री मात्र हातात नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा मुलींना परीक्षेला बसू द्यायचं, पदवी द्यायचं नाही! पुढे ती बोअर युद्धानंतरच्या दक्षिण आफ्रिकेत गेली, इंग्लंडमधून तिथं जाणाऱ्या नोकरदार मुलींची परिस्थिती बघायला. १९०६ मध्ये, चाळिशीत, तिनं विल्यम स्कोर्सबी राउटलेज या भटक्या संशोधकाशी लग्न केलं. दोघं केनियात किकुयू लोकांमध्ये राहिली आणि १९१० मध्ये दोघांनी मिळून त्यावर पुस्तक काढलं. इथवर ठीक होतं. खरी गोष्ट बोटीपासून सुरू होते.

बोट त्यांनी स्वतःच्या पैशानं बांधून घेतली. नव्वद फुटांची, शिडाची. नाव ठेवलं ‘माना’. पॉलिनेशियन भाषांमध्ये माना म्हणजे माणसात किंवा वस्तूत असलेली अदृश्य शक्ती. मार्च १९१३ मध्ये फॅल्मथहून निघालेली माना ईस्टर आयलंडला टेकली २९ मार्च १९१४ ला. म्हणजे वर्ष उलटून गेलं. पनामा कालवा अजून उघडायचा होता, त्यामुळे दक्षिण अमेरिकेच्या शेपटाला वळसा घालून जावं लागलं. वाटेत टीम गळत गेली. ओ. जी. एस. क्रॉफर्ड नावाचा तरुण नवराबायकोला कंटाळून केप व्हर्देलाच उतरला (तोच पुढे विमानातून पुरातत्त्वाच्या जागा शोधणारा म्हणून नावाजला). भूगर्भतज्ज्ञ फ्रेडरिक लॉरी-कॉरी दक्षिण अमेरिकेत टायफॉइडनं गेला. ग्रुप प्रोजेक्टमधून मेंबर गायब होण्याचा अनुभव तुम्हाला असेल, पण इतका नसावा.

आता बेट कसं होतं ते बघा. रापा नुई हे त्याचं तिथल्या लोकांचं नाव. चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरवर, जेमतेम १६४ चौरस किलोमीटरचं. १८६२-६३ मध्ये पेरूच्या गुलाम-व्यापाऱ्यांनी तिथली हजाराहून जास्त माणसं पकडून नेली. त्यात जुनी विद्या जाणणारे लोक होते. बोटावर मोजण्याइतके परत आले, ते देवीची साथ घेऊन. १८७७ मध्ये सगळ्या बेटावर उरली १११ माणसं. हा आकडा दोनदा वाचा. वर्गात दोन तुकड्या एकत्र बसवल्या की जेवढी मुलं होतात, तेवढी एका संस्कृतीत उरली होती. कॅथरीन पोचली तेव्हा ती संख्या अडीचशेच्या आसपास गेली होती आणि जवळजवळ अख्खं बेट मेंढ्या पाळणाऱ्या एका कंपनीच्या ताब्यात होतं. बेटाचे खरे मालक एका गावात कोंडलेले.

बाहेरून येणारे तोवर एकच प्रश्न विचारायचे. एवढे पुतळे, जवळजवळ हजार, कुणी केले? समोर फाटक्या कपड्यांत उभ्या असलेल्या माणसांच्या आज्या-पणज्यांनी, हे उत्तर कुणाला पटायचं नाही. बुडालेला खंड, हरवलेली जमात, काय वाट्टेल ते चालायचं. कॅथरीनचं मोठेपण मला इथं वाटतं. दगड मोजता मोजता तिच्या लक्षात आलं की दगड कुठे पळून जात नाहीत, म्हातारी माणसं मात्र जातात. जुने विधी स्वतः पाहिलेले मोजकेच लोक उरले होते. मग तिनं हुआन तेपानोला गाठलं. चिलीच्या सैन्यात राहून आलेला, हुशार, गावात वजन असलेला माणूस. तो तिला एकेका म्हाताऱ्याकडे घेऊन जायचा, ती विचारायची, तो समजावून सांगायचा, वही भरत जायची. एकानं सांगितलेलं दुसऱ्याकडून तपासायचं, जागेवर जाऊन बघायचं. तिच्याकडे टेप-रेकॉर्डर नव्हता हे लक्षात घ्या.

अशाच गप्पांतून पक्षीमानवाची प्रथा कागदावर आली. दरवर्षी वसंतात ओरोंगोच्या कड्यावर लोक जमायचे. खाली समुद्रात मोतू नुई नावाचा खडकाळ तुकडा. सरदारांची माणसं शार्कची पर्वा न करता पोहत तिथं जायची आणि समुद्री पाखराच्या पहिल्या अंड्याची वाट बघायची. ज्याच्या माणसाला अंडं मिळालं, तो सरदार वर्षभरासाठी पक्षीमानव. कॅथरीननं लोकांच्या आठवणीतून अशा ८६ पक्षीमानवांची नावं गोळा केली.

हाडांचीही गोष्ट आहे. मोआई ज्या दगडी चौथऱ्यांवर उभे असायचे, ते आहू. तिथं मृतदेह गुंडाळून उघड्यावर ठेवायचे आणि नंतर हाडं दगडी कप्प्यात ठेवायचे. मीरू या राजकुळातल्या माणसाची कवटी जवळ ठेवली की कोंबड्या जास्त अंडी घालतात, असा समज होता. अशा काही कवट्यांवर नक्षीही कोरलेली असे. हे कॅथरीननं लोकांना विचारून लिहिलं. पण म्हणून तिला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. तिच्या मोहिमेनं कवट्या उचलून लंडनला नेल्या आणि आर्थर कीथ या शरीररचनातज्ज्ञानं त्या मोजून या लोकांचं नातं मेलानेशियाशी जोडलं. ते चुकलं. २०२४ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयातल्या १५ रापानुई माणसांच्या अवशेषांतला डीएनए वाचला गेला. माणसं पॉलिनेशियन निघाली, शिवाय साधारण दहावा हिस्सा अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा. युरोपियन लोक यायच्या कितीतरी आधीची ही भेट. आणि झाडं तोडून, आपसात लढून सतराव्या शतकात बेट स्वतःच कोसळलं, ही सगळीकडे सांगितली जाणारी कथाही त्या डीएनएत दिसली नाही. लोकसंख्या वाढतच होती, गुलाम-व्यापारी येईपर्यंत. ती हाडं घरी परत आणावीत, असं आता बेटावरचे लोक म्हणतात.

कॅथरीनच्या मुक्कामातच बेटावर बंड झालं. ३० जून १९१४ ला आंगाता नावाच्या म्हातारीनं आपल्याला स्वप्नात देवानं दर्शन दिल्याचं जाहीर केलं. बेट आमचं, गुरंही आमची. लोकांनी कंपनीची जनावरं हाकून नेली आणि मेजवान्या झाल्या. कॅथरीन घाबरलेली होती, तरी आंगाताला भेटायला गेली. दोघींचं बोलणं प्रेमानं झालं, कोंबड्या-बटाट्यांची भेटही आली, पण बंड थांबलं नाही. ऑगस्टमध्ये चिलीचं लढाऊ जहाज आलं तेव्हा थांबलं. ऑक्टोबरमध्ये आणखी जहाजं आली, ती जर्मन. महायुद्ध सुरू झालंय हे बेटावर कुणाला ठाऊकच नव्हतं! जर्मनांनी मांस-भाजी विकत घेतली आणि निघून गेले. १ नोव्हेंबरला याच ताफ्यानं चिलीजवळ दोन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या.

या सगळ्या गदारोळात ती एका माणसाकडे पुन्हा पुन्हा जात राहिली. तोमेनिका. रोंगोरोंगो ही बेटाची चित्रलिपी आजही कुणाला वाचता येत नाही. तिच्याशी थोडाफार संबंध आलेला तो जवळजवळ शेवटचा माणूस. तो गावाबाहेर कुष्ठरोग्यांच्या वस्तीत होता. भीती वाटत असूनही कॅथरीन तिथं जाऊन बसायची. तो थरथरत्या हातानं कागदावर चिन्हं काढायचा, काहीतरी म्हणायचा, पण अर्थ लागेना. तिच्या शेवटच्या भेटीनंतर पंधरवड्यात तो गेला. त्याच्याबरोबर काय काय गेलं कुणास ठाऊक.

ऑगस्ट १९१५ मध्ये माना परत निघाली. १९१९ मध्ये कॅथरीनचं ईस्टर आयलंडवरचं पुस्तक आलं आणि गाजलं. ते सर्वसामान्य वाचकांसाठी होतं. शास्त्रीय खंड मागाहून काढायचा होता. तो आलाच नाही. तिला आवाज ऐकू यायचे, लहानपणापासून. त्या काळात प्रेतात्म्यांशी बोलण्याचं वेड होतं, त्यामुळे हा आजार आहे हे बराच काळ लपून गेलं. तिचा भाऊही मानसिक आजारानं ग्रासलेला होता. विसाच्या दशकात आजार बळावला. तिनं नवऱ्याला लंडनमधल्या हाइड पार्कजवळच्या घरातून हाकललं आणि आतून दारं लावून घेतली. १९२९ मध्ये नवऱ्यानं आणि माहेरच्यांनी तिला जबरदस्तीनं ससेक्समधल्या मनोरुग्णालयात नेलं. १९३५ च्या डिसेंबरमध्ये ती तिथंच वारली.

वह्या स्कोर्सबीनं दडवून ठेवल्या होत्या. तो १९३९ मध्ये सायप्रसमध्ये वारल्यावर बऱ्याचशा लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे आल्या, काही नकाशे आणि फोटो पुढे कित्येक वर्षांनी सापडले. जो अॅन व्हॅन टिलबर्ग या अमेरिकन संशोधिकेनं ते कागद वाचून २००३ मध्ये कॅथरीनचं चरित्र लिहिलं. मग २०१० मध्ये तिच्या टीमनं रानो राराकूत पुन्हा माती काढायला सुरुवात केली. या वेळी तिच्या जोडीनं कामाचं नेतृत्व करत होता क्रिस्तियान आरेवालो पाकाराती, त्याच बेटावरचा चित्रकार.